गामा पैलवानांच्या बैठका : मांडीचा कोणता स्नायू कधी काम करतो?

जोर-बैठकांचा विषय निघाला की आखाड्यात आजही पहिले नाव येते ते गामा पैलवानांचे. मूळ नाव गुलाम मोहम्मद. जन्म १८७८चा, अमृतसर परिसरातला. वडील लहानपणीच वारले. पैलवानकीचे धडे घरच्याच वडीलधाऱ्यांनी दिले.

बैठकांनी दिले पहिले नाव

१८८८मध्ये जोधपूरला बैठकांची स्पर्धा झाली. चारशेहून अधिक पैलवानांत दहा वर्षांचे गामा शेवटच्या पंधरा जणांपर्यंत टिकले. वय पाहून महाराजांनी त्यांनाच विजेते ठरवले.

बैठकीत नेमके काय होते?

देशी बैठकीत खाली जाताना टाचा उचलतात, भार चवड्यांवर येतो आणि गुडघे पुढे जातात. त्यामुळे मांडीच्या पुढच्या स्नायूंना जास्त काम पडते, पोटऱ्याही राबतात. जिममधल्या स्क्वॉटमध्ये टाचा जमिनीवर राहतात आणि कंबर मागे जाते. तिथे नितंबांच्या स्नायूंचा वाटा वाढतो. पाय फाकवून केलेल्या स्क्वॉटमध्ये मांडीच्या आतल्या बाजूवर अधिक ताण येतो. मांडीच्या मागच्या स्नायूंना मात्र सगळ्याच प्रकारांत तुलनेने कमी काम मिळते. कारण ते खुबा आणि गुडघा दोन्ही ओलांडतात, त्यामुळे बसता-उठताना त्यांची लांबी फारशी बदलत नाही. त्यांच्यासाठी डेडलिफ्टसारखा वेगळा व्यायाम लागतो.

लंडन ते पतियाळा

१९१०मध्ये लंडनला पोलंडचा झबिस्को गामांसमोर अडीच तासांहून अधिक काळ मॅटला चिकटून राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने ठरलेल्या फेरलढतीला तो आलाच नाही. १९२८मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भिडले. गामा तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते, तरी त्यांनी मिनिटाच्या आत त्याला चीत केले.

आकडा नको, पद्धत घ्या

गामा रोज पाच हजार बैठका मारत, असे सांगितले जाते. त्यांचे शरीर लहानपणापासून टप्प्याटप्प्याने तयार झाले होते. सवय नसताना एकदम शेकडो बैठका मारल्यास स्नायू तुटून त्यातील घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. तीव्र वेदना आणि चहासारखी गडद लघवी ही धोक्याची खूण. अशा वेळी लगेच डॉक्टर गाठावा. नवख्याने दहा-पंधरा बैठकांपासून सुरुवात करावी आणि गुडघा दुखला तर थांबावे.

फाळणीनंतर गामा पाकिस्तानात राहिले. १९६०मध्ये लाहोरला त्यांचे निधन झाले.