थोर व्हायोलिनवादक क्राइस्लर

फ्रिट्झ क्राइस्लर यांचा जन्म १८७५ साली ऑस्ट्रियातील व्हिएन्ना नगरीत झाला. वयाच्या बाराव्या वर्षी पॅरिसच्या संगीतविद्यालयात त्यांनी व्हायोलिनवादनाचे पहिले पारितोषिक मिळविले. पुढे १९१४ च्या महायुद्धात सैनिक म्हणून लढताना ते जखमी झाले. पण बरे होताच त्यांनी पुन्हा व्हायोलिन हाती घेतले.

१९३८ साली जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. मायभूमी अंतरली आणि १९३९ साली क्राइस्लर अमेरिकेत राहावयास गेले. तेथे १९४१ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यात मालमोटारीची धडक बसून ते कित्येक दिवस बेशुद्ध होते. आता त्यांचे वादन संपले, असे लोकांस वाटले. परंतु पुढच्याच वर्षी ते पुन्हा श्रोत्यांपुढे उभे राहिले.

१९६२ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी रचलेल्या लहान, मधुर स्वररचना व्हायोलिनवादक आजही आवडीने वाजवितात.