पाहिले तेच रंगविणारा चित्रकार

दिल्लीच्या लाल किल्ल्यातील मोती मशीद आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मी राहतो त्या मानेसरपासून ती फार दूर नाही. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी वासिली व्हेरेश्चागिन या रशियन चित्रकाराने तिचा शुभ्र संगमरवर चित्रफलकावर उतरविला.

व्हेरेश्चागिन यांचा जन्म १८४२ साली चेरेपोवेत्स येथे झाला. नौदलाचे शिक्षण घेऊनही त्यांनी कुंचला पत्करला. पीटर्सबर्ग येथे व पुढे पॅरिसला जेरोम यांच्या हाताखाली ते शिकले. १८७४ साली ते पत्नीसह मुंबईस उतरले व सुमारे दोन वर्षे आपल्या देशात हिंडले. वेरूळची लेणी, लडाखमधील हेमिस मठ, सिक्कीममधील ताशिदिंग मठ हे सारे त्यांनी रंगविले. ही प्रार्थनास्थळे परधर्मीयांची होती. म्हणून त्यांची नजर कोठे उणी पडली नाही.

पुढे १८९४ साली ते स्वदेशी उत्तर द्विना नदीकाठी गेले. पुचुगा गावातील पेत्र व पौल यांच्या नावाच्या लाकडी मंदिराचा अंतर्भाग त्यांनी तितक्याच निष्ठेने चितारला. जुनी लाकडी मंदिरे पाडून विटांची नवी बांधण्याची हौस पाहून त्यांना खेद झाला, आणि तो त्यांनी लिहूनही ठेविला.

हीच नजर त्यांनी रणांगणावरही रोखली. १८७१ साली त्यांनी कवट्यांची रास रंगविली व ते चित्र सर्व विजेत्यांना अर्पण केले. १८७७ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात ते स्वतः जखमी झाले. प्लेव्हना येथे त्यांचा भाऊ पडला.

पॅलेस्टाईनचा प्रवास करून त्यांनी पवित्र कुटुंबाचे चित्र काढले. साधे अंगण, चाललेले सुतारकाम, भावंडांच्या गजबजाटात येशू! १८८५ साली व्हिएन्ना येथे ते पुनरुत्थानाच्या चित्रासह मांडले गेले, तेव्हा तेथील कार्डिनलांनी निषेध केला. एकाने तर चित्रांवर आम्ल फेकले.

वाचकहो, येथे आपण थांबून विचार करावा. त्या भावंडांविषयी मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. व्हेरेश्चागिन यांची प्रभूविषयीची धारणाही आपली नव्हे. त्यांना तो केवळ मानव दिसला. तरीही आम्लाने प्रभूचा मान राखला गेला काय? शब्द देही झाला असे आपण मानतो. मग नासरेथच्या घरातील धूळ, घाम व लाकडाचा भुसा यांचे आपल्याला भय का वाटावे? पवित्र शास्त्राचे भाषांतर करताना मला हाच धडा वारंवार मिळतो: मूळ शब्द खडबडीत असेल, तर तो गुळगुळीत करण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही.

१३ एप्रिल १९०४ रोजी पोर्ट आर्थरजवळ पेत्रोपाव्लोव्स्क ही युद्धनौका जपानी सुरुंगावर आदळली. अॅडमिरल मकारोव्ह यांच्यासह व्हेरेश्चागिनही बुडाले. युद्ध कसे असते हे जगास दाखविण्यासाठीच ते तेथे गेले होते.

आज शुभवर्तमान उघडाल तेव्हा ते अंगण डोळ्यांसमोर आणा. आपला प्रभू तेथेच वाढला.