गुन्हेगारांना तुरुंगात धाडणाऱ्याने आरोपीला दिला हक्क

अमेरिकन क्राइम सिरीज बघणाऱ्यांना हा सीन पाठच असतो. पोलीस आरोपीला पकडतात आणि सांगतात, की तुला गप्प राहण्याचा हक्क आहे, वकील मिळण्याचाही आहे. हा नियम ज्यांनी लिहिला, त्या अर्ल वॉरन यांचं करिअर मात्र आरोपींना तुरुंगात धाडण्यात घडलं होतं.

जन्म १८९१ चा, लॉस एंजेलिसमधला. वडील रेल्वे कामगार. १८९४ च्या संपात त्यांची नोकरी गेली आणि कुटुंब बेकर्सफील्डला आलं. अर्ल बर्कलेत कायदा शिकले. १९२५ मध्ये ते अलामीडा काउंटीचे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, म्हणजे सरकारतर्फे खटले चालवणारे मुख्य वकील झाले. ऑकलंडसारखं मोठं शहर याच काउंटीत येतं. तिथला शेरीफच हप्ते खात होता. वॉरननी त्यालाही गजाआड केलं! १९३८ मध्ये खुद्द त्यांच्या वडिलांचा खून झाला. खुनी कधीच सापडला नाही.

पुढे ते कॅलिफोर्नियाचे अॅटर्नी जनरल झाले. १९४२ मध्ये, युद्धाच्या भीतीपोटी, जपानी वंशाच्या लोकांना किनारपट्टीवरून हलवावं म्हणून त्यांनी जोर लावला. सुमारे १,२०,००० माणसं छावण्यांत डांबली गेली. त्यातले बहुतेक अमेरिकन नागरिक होते, आणि एकावरही खटला चालला नव्हता. वॉरन मात्र त्यानंतर गव्हर्नर म्हणून निवडून आले.

१९५३ मध्ये ते अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या कोर्टाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकाल एकमताने, ९-०.

१९६६ मध्ये अर्नेस्टो मिरांडाची केस आली. फिनिक्सच्या पोलिसांनी वकिलाच्या हक्काबद्दल काहीच न सांगता त्याचा कबुलीजबाब घेतला होता. कोर्टाने तो ५ विरुद्ध ४ मतांनी बाद केला. निकाल स्वतः वॉरननी लिहिला. गुन्हेगार मोकाट सुटतील, अशी ओरड झाली. पण मिरांडावर पुन्हा खटला चालला, तो कबुलीजबाब न वापरता, आणि तो दोषीच ठरला.

वॉरन १९७४ मध्ये गेले. नंतर छापलेल्या आठवणींत त्यांनी १९४२ च्या त्या भूमिकेबद्दल खेद व्यक्त केलाय. छावण्यांतल्या माणसांना त्याचा काही उपयोग नव्हता. पण पोलीस कोठडीत एकट्या बसलेल्या माणसाच्या हातात आज एक हक्क आहे, तो वॉरन यांच्यामुळेच.