पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई डोंगरे-मेधावी (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक, लेखिका, बायबलच्या मराठी भाषांतरकार आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्ती मिशनच्या संस्थापक होत्या. विधवा, परित्यक्ता आणि दुष्काळपीडित स्त्रियांना आश्रय, शिक्षण व रोजगार मिळवून देण्याचे त्यांचे कार्य तीस वर्षांहून अधिक काळ चालले. १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि अखेर एकुलती एक कन्या यांचे मृत्यू त्यांना पाहावे लागले. त्यांच्या श्रद्धेचा विचार या दुःखपरंपरेपासून वेगळा करता येत नाही.

बालपण आणि भटकंती

रमाबाईंचा जन्म सध्याच्या कर्नाटकातील पश्चिम घाटात, गंगामूळ येथील अरण्यातील आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व व्युत्पन्न संस्कृत पंडित होते. पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याजवळ अध्ययन करीत असताना गुरुजी दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवितात हे त्यांनी पाहिले आणि स्त्रीने संस्कृत शिकण्यास हरकत नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे यात्रेच्या वाटेवर, गोदाकाठी, एका प्रवासी ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. त्या वेळी अनंतशास्त्री चव्वेचाळीस वर्षांचे होते. याच लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकविले. आप्तांचा व जातिबांधवांचा विरोध झाला, उडुपीच्या धर्मसभेपुढे शास्त्राधार मांडावे लागले आणि शेवटी त्यांनी अरण्यात बिऱ्हाड थाटले. आजच्या वाचकाला पतीपत्नींच्या वयातील अंतर खटकेल, आणि ते खटकणे रास्तच आहे. परंतु रमाबाईंच्या पांडित्याचा उगम याच आईच्या शिकवणीत आहे. आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत आईनेच त्यांना शिकविले. आपले पहिले इंग्रजी पुस्तक रमाबाईंनी याच आईच्या स्मृतीस अर्पण केले.

आश्रमात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या आतिथ्यात अनंतशास्त्र्यांची मालमत्ता संपली. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंब तीर्थयात्रेस निघाले, ते कायमचेच. लहानग्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून नेण्यात आले. देवळात किंवा घाटावर बसून पुराण सांगावे आणि श्रोते देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता.

१८७० च्या दशकातील मद्रास इलाख्याच्या दुष्काळात हा क्रम मोडला. पुराण ऐकायला लोक येईनात, आणि आले तरी देण्यास त्यांच्याजवळ काही नसे. भांडीकुंडी व दागिने विकून झाले. अंगमेहनतीची सवय नव्हती आणि भीक मागण्यास मन धजत नव्हते. उरलेला पैसा ब्राह्मणांना दान देऊन देवाला प्रसन्न करण्याचा मार्ग अवलंबिला गेला, कारण शास्त्राने तोच सांगितला होता. तिरुपतीच्या रानात काही दिवस पाण्यावर आणि पाल्यावर काढल्यावर, दृष्टी अधू झालेल्या वृद्ध अनंतशास्त्र्यांनी जलसमाधीचा विचार केला. तेव्हा मुलगा श्रीनिवास मजुरी करण्यास तयार झाला. पण वडिलांचे शरीर तोवर खचले होते. लवकरच ते गेले. मृत्यूपूर्वी त्यांनी संन्यास घेतलेला असल्याने देह भूमीत ठेवावयाचा होता. साहाय्यास कोणी येईना, म्हणून श्रीनिवासशास्त्र्यांनी पित्याचा देह धोतरात गाठोड्यासारखा बांधून सुमारे दोन मैल एकट्याने वाहून नेला.

काही आठवड्यांत आईही अंथरुणास खिळली. तापात तिला खाण्याची इच्छा होई. शेजारच्या घरी भाकरीचा तुकडा मागण्यासाठी रमाबाई गेल्या, पण संकोचाने तोंडून शब्द निघाला नाही, ही आठवण त्यांनी उतारवयातही नमूद केली आहे. आईच्या तिरडीला चार खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, उरलेली जागा भावाने आणि रमाबाईंनी भरली. उंची कमी असल्याने रमाबाईंनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. त्यानंतर थोरली बहीणही गेली.

उरलेली दोन भावंडे पायी हिंडत राहिली. त्यांच्या पायपिटीचा पल्ला चार हजार मैलांच्या घरात गेला असावा, असा रमाबाईंचाच अंदाज होता. पंजाबात झेलमच्या काठी थंडीच्या रात्री वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून ती निजत. सर्व व्रते, उपवास आणि दाने करूनही हे भोगावे लागले, या अनुभवाने परंपरागत धर्मावरील रमाबाईंचा विश्वास ढासळू लागला. त्यांच्या धर्मांतराचे मूळ विलायतेत शोधणारे चरित्रकार या वर्षांकडे पुरेसे लक्ष देत नाहीत.

कलकत्ता, विवाह आणि वैधव्य

१८७८ साली भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितसभेने रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ब्राह्मसमाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदग्रंथ भेट देऊन तो वाचण्याचा आग्रह केला. धर्मशास्त्रातील स्त्रीविषयक वचने आता त्या चिकित्सक दृष्टीने वाचू लागल्या.

१८८० साली डाक्का येथे श्रीनिवासशास्त्री वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी त्यांचे स्नेही बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मेधावी हे सिल्हटकडील वकील होते आणि शूद्र मानल्या गेलेल्या जातीत जन्मले होते. आंतरजातीय व आंतरप्रांतीय असा हा विवाह त्या काळी फार मोठे धाडस होते. त्यांचे बिऱ्हाड आसामातील सिलचर येथे होते. पतीच्या ग्रंथसंग्रहात रमाबाईंना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने मेधावींचा मृत्यू झाला. संसार दोन वर्षेही टिकला नाही.

पुणे ते इंग्लंड

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांच्या साहाय्याने त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच वर्षी त्यांचे ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक आले. हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्रीशिक्षक व स्त्रीडॉक्टर तयार करण्याची आवश्यकता त्यांनी मांडली.

पुस्तकाच्या उत्पन्नातून भाड्याची तजवीज करून १८८३ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी मठाच्या भगिनींकडे त्या उतरल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे आत्महत्या केली. हा आघात ताजा असतानाच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला. मठातर्फे लंडनमध्ये चालणारे पतित स्त्रियांचे आश्रयस्थान पाहून ख्रिस्ती धर्माने अशा स्त्रीसाठी दार उघडे ठेवले आहे, हे त्यांच्या मनावर बिंबले होते. या विषयावर नेहेम्या नीळकंठ गोरे यांच्या लेखनाचाही त्यांच्यावर परिणाम झाला.

बाप्तिस्मा घेतला म्हणून त्या मठाच्या आज्ञेत राहिल्या असे झाले नाही. अँग्लिकन सिद्धांतांविषयी भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. कोणत्या मताला मान द्यावा हे आपली सदसद्विवेकबुद्धी ठरवील, ही भूमिका त्यांनी सोडली नाही. मांसाहार त्यांनी कधी स्वीकारला नाही आणि पोशाखही एतद्देशीय ठेवला. श्रवणशक्ती मंदावल्याने वैद्यकीय शिक्षण मात्र सोडावे लागले. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्या देखरेखीखाली त्यांनी अध्ययन केले व संस्कृत शिकविले.

अमेरिका आणि शारदा सदन

मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास रमाबाई उपस्थित राहिल्या आणि मग अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेतच राहिल्या. १८८७ साली त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे अर्थसाहाय्य देण्याचे ठरविले. अट एकच होती: संस्थेत धर्मशिक्षण दिले जाऊ नये. परतल्यावर त्यांनी अमेरिकेविषयी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) हा ग्रंथ लिहिला. मराठी प्रवासवर्णनात त्याचे स्थान वरचे आहे, पण अभ्यासक्रमात तो क्वचितच दिसतो.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. मुंबईचा खर्च परवडेना म्हणून १८९० मध्ये सदन पुण्यास हलविण्यात आले. कर्जतला आगगाडीस जादा इंजिन लागून बोरघाट चढण्याचा तो मार्ग १८६३ पासून चालू होता. पुढील काळात या घाटाच्या दोन्ही अंगांना रमाबाईंची सतत ये-जा राहिली.

पुण्यात वादळ उठले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली तेथे येऊन बसत. हे धर्मांतराचे आमिष आहे, असा ‘केसरी’चा आरोप होता. १८९३ मध्ये रानडे व रा. गो. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. या प्रकरणात एकाच बाजूला सर्व न्याय नव्हता. धर्मनिरपेक्षतेचे आश्वासन मिळाल्यामुळेच लोकांनी आपल्या मुली सदनात ठेविल्या होत्या, त्यामुळे त्यांचा क्षोभ समजण्यासारखा आहे. दुसरीकडे, घरोघरी पूजा चालत असताना एका ख्रिस्ती विधवेने आपल्याच खोलीचे दार लावून प्रार्थना करावी, ही अपेक्षा रमाबाईंना अन्यायाची वाटली. दार त्यांनी लावले नाही. ज्या सुधारकांनी त्यांचे पुण्यात स्वागत केले होते ते दुरावले आणि स्थानिक पाठिंबा जवळजवळ संपला, तरी सदन बंद पडले नाही.

१८९६ मध्ये लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यास रमाबाई पंधरा मुली घेऊन गेल्या. खालापूर तालुक्याच्या माथ्यावरचे हे ठिकाण. या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे दोनशे पंचवीस मुली लाभाव्यात, अशी प्रार्थना त्यांनी तेथे केली. त्या वेळी सदनात एवढ्या मुलींना पुरेल इतकी जागाही नव्हती आणि पैसाही नव्हता.

दुष्काळ, प्लेग आणि केडगाव

१८९६-९७ च्या दुष्काळाच्या वार्ता आल्या तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळछावण्यांतील अनाथ मुलींना दलाल कसे नेतात, हे त्यांनी पाहिले. भुकेने मरणाऱ्या आईसाठी भाकरी न मागू शकलेल्या मुलीला या मुलींची दशा सांगावी लागली नाही. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी सोडवून आणल्या. परंतु पुण्यात प्लेग चालू होता आणि एवढी माणसे शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगाव येथे सदनाच्या उत्पन्नासाठी सुमारे शंभर एकर जमीन आधीच घेतलेली होती. तेथे प्रथम तंबू व झोपड्या, मग पक्क्या इमारती उभ्या राहिल्या. हेच मुक्ती सदन.

प्लेगच्या रुग्णालयात व विलगीकरण छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी १८९७ मध्ये वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले. ख्रिस्ती झाल्यामुळे त्या सरकारधार्जिण्या बनल्या, असे म्हणणाऱ्यांनी हे पत्र विचारात घेतलेले दिसत नाही.

१८९८ मध्ये अमेरिकन साहाय्याची मुदत संपली. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली. पतित स्त्रियांसाठी कृपा सदन, अंधांसाठी बार्तीमी सदन असे विभाग झाले. शाळा, छापखाना, हातमाग, तेलघाणा, गोठा आणि शेती ही सर्व कामे स्त्रियाच करीत. सुंदराबाई पवार व मिनी एब्रॅम्स या त्यांच्या प्रमुख सहकारी होत्या. नियमित उत्पन्नाचा आधार नव्हता. पैसा संपला की प्रार्थना करावयाची आणि काम थांबवावयाचे नाही, हा तेथील शिरस्ता होता. अश्रद्धाला हे भाबडेपण वाटेल, पण हिशेब चोख ठेवणारी, विहिरी खोदून घेणारी आणि पिकांचे नियोजन करणारी बाई भाबडी खचितच नव्हती.

बायबलचे भाषांतर

प्रचलित मराठी बायबलची भाषा सामान्य स्त्रियांना समजत नाही, असे रमाबाईंचे मत होते. म्हणून ग्रीक व हिब्रू भाषांचे अध्ययन करून त्यांनी स्वतंत्र भाषांतर हाती घेतले. जुळणी, छपाई व बांधणी मुक्तीतील मुलींनीच केली. १९१३ मध्ये नवा करार प्रसिद्ध झाला आणि संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये आला. संस्कृतप्रचुर लिहिणे ज्यांना हातचा मळ होते, त्यांनी बोलीच्या जवळची मराठी निवडली, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी अधिक तपासून पाहण्याजोगी आहे.

अखेरची वर्षे

मनोरमाबाई आईच्या कामाचा मुख्य आधार होत्या. शाळेची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि गुलबर्गा येथे त्यांनी शाळा सुरू केली होती. मुक्तीची सूत्रे त्यांच्याकडेच जावयाची होती. २४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे त्यांचा मृत्यू झाला. रमाबाई त्या वेळी त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, ऐकू जवळजवळ येत नव्हते आणि प्रकृती खालावली होती. तरी भाषांतराची मुद्रिते तपासणे चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले.

१९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिले होते. भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. शुक्र ग्रहावरील एका विवरास त्यांचे नाव देण्यात आले आहे. केडगावची संस्था आजही पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने कार्यरत असून निराधार स्त्रिया व मुले तेथे राहतात.