एग्मोरची धूळपाटी

कामाच्या सुरुवातीला आपण श्रीगणेशा म्हणतो, कोणी ओनामा म्हणतो. दोन्ही शब्द जुन्या पंतोजींच्या शाळेतले आहेत. मूल शाळेत आले की पंतोजी त्याचे बोट धरून धूळपाटीवर गणरायाचे नमन गिरवून घेत, मग मुळाक्षरे. ही धूळपाटी आपल्या चेन्नईतून थेट विलायतेला गेली आणि तिथल्या लाखो गरीब मुलांना अक्षरओळख झाली, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. नेणाऱ्या गृहस्थांचे नाव डॉ. अँड्र्यू बेल. मी रेल्वेतला पदविकाधारक अभियंता, शिक्षणशास्त्रात माझा अधिकार नाही. पण बेल यांची शाळा होती ती आजच्या एग्मोर स्टेशनच्या परिसरात, आणि तिथे तर आपले रोजचे येणेजाणे. म्हणून या माणसाची माहिती जमवत गेलो.

बेल यांचा जन्म २७ मार्च १७५३ रोजी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावी झाला. वडील न्हावी, पण बुद्धिमान. मुलगा विद्यापीठात शिकला, १७७४ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियाला गेला, तिथे एका श्रीमंत घरी मुलांची शिकवणी केली, तंबाखूच्या व्यापारात पैसा केला आणि १७८१ मध्ये जहाज फुटून कसाबसा जीव वाचवत परत आला. पुढे धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. १७८७ मध्ये तो मद्रासला उतरला तो नशीब काढायलाच. लष्करातील धर्मोपदेशकाच्या एकाच वेळी अनेक जागा त्याने पदरात पाडून घेतल्या, शिवाय पदार्थविज्ञानावर प्रयोगांसह व्याख्याने दिली. पैशाच्या बाबतीत हा मनुष्य पक्का होता, हे आधीच सांगितलेले बरे.

पण १७८९ मध्ये एग्मोरच्या जुन्या गढीत लष्करातील गोऱ्या शिपायांच्या अनाथ मुलांसाठी 'मेल असायलम' सुरू झाले आणि बेल त्याचे अधीक्षक झाले, तेव्हा त्यांनी तिथला पगार घेतला नाही. यातील बहुतेक मुलांच्या आया इथल्याच होत्या. या मुलांना कोणी वाली नव्हता आणि ती खोटारडी, आळशी निपजणार असे गोरे समाजात सर्रास धरले जाई. बेल यांना ते मान्य नव्हते. त्यांच्या मते दोष मुलांत नव्हता, शिकवण्यात होता.

शिकवणे कसे होते? आधी नुसते वाचन, तेही अक्षरांची नावे घोकून. लिहिणे पुढे कधीतरी, कारण कागद महाग. आपल्या 'क'चे नाव आणि आवाज एकच. इंग्रजीत मात्र बी, ए, टी ही तीन नावे भराभर म्हटली तरी त्यांतून बॅट हा शब्द काही ऐकू येत नाही. त्यामुळे पहिल्याच इयत्तेत मुले महिनोन् महिने अडकून पडत. हाताखालचे मास्तर छड्या मारत आणि मुलेच मठ्ठ आहेत म्हणून मोकळे होत.

एके दिवशी सकाळी घोड्यावरून रपेट करताना बेल यांना एक तमिळ शाळा दिसली. मुले जमिनीवर बसून समोरच्या वाळूत बोटाने अक्षरे काढत होती. आपल्याकडे पंतोजींची शाळा, तशी तमिळ मुलखात ही ओट्यावरची शाळा, तिण्णै पळ्ळिक्कूडम. डोळा अक्षर पाहतो, बोट ते काढते आणि तोंड त्याचा उच्चार करते, हे तिन्ही एकाच वेळी. चुकले की हात फिरवायचा, पाटी कोरी. खर्च शून्य. बेल यांनी परत येऊन मास्तरांना खालच्या वर्गाला वाळूत शिकवायला सांगितले. मास्तरांनी हे होणार नाही म्हणून हात वर केले. (असे मास्तर प्रत्येक खात्यात असतात!) तेव्हा बेल यांनी तो वर्ग जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या, एका साध्या शिपायाच्या मुलाकडे सोपवला. मोठ्यांना न जमलेले या पोराने करून दाखवले.

मग सगळी शाळाच या पद्धतीवर गेली. मुलांच्या जोड्या लावल्या, जरा पुढचा शिकवणार, मागचा शिकणार. लांब शब्द उच्चाराप्रमाणे तुकडे करून वाचायचा, आणि जमला की पुन्हा त्याची स्पेलिंग घोकायची नाही. रोज किती धडा झाला त्याची नोंद. अपराध झाला तर निवाडा मुलांच्याच पंचांनी करायचा, त्यामुळे छडी जवळजवळ बंद झाली. कोणाला हे अवघड वाटेल, पण आमच्या ट्रॅकवरच्या गँगमध्ये वेगळे काय असते? नवा गडी हातोड्याचा आवाज ओळखायला जुन्या कीमनकडूनच शिकतो. नियमांचे पुस्तक त्याच्या हाती नंतर येते.

या शाळेचा कस १७९४ मध्ये लागला. टिपू सुलतानाचे ओलीस ठेवलेले मुलगे परत पाठवले, त्या मंडळींबरोबर विल्यम स्मिथ हा असायलमचा विद्यार्थी श्रीरंगपट्टणला गेला. वय सतरा. त्याने टिपूसमोर वैज्ञानिक उपकरणे मांडून प्रयोग करून दाखवले. ज्यांना बिनकामाचे म्हणत होते, त्यांतलाच हा एक मुलगा.

१७९६ मध्ये बेल मायदेशी परतले आणि पुढच्या वर्षी त्यांनी मद्रासच्या प्रयोगावर पुस्तक काढले. याच सुमारास जोसेफ लँकेस्टरने लंडनमध्ये तशीच शाळा चालवली आणि मूळ कल्पना कोणाची यावरून दोघांचे जन्माचे वैर झाले. १८११ मध्ये 'नॅशनल सोसायटी' स्थापन झाली आणि 'मद्रास पद्धती'च्या शाळा गावोगाव निघाल्या. बेल यांच्या मृत्यूच्या वेळी त्यांची संख्या बारा हजारांवर गेली होती.

वाळूचे श्रेय बेल यांनी त्या तमिळ शाळेला मोकळेपणाने दिले. मुलांनी मुलांना शिकवण्याची कल्पना मात्र आपली, असा त्यांचा कायम आग्रह होता. इथे मला त्यांचे म्हणणे पटत नाही. तमिळ शाळेत धाकट्यांकडून धडा करून घेणारा मोठा विद्यार्थी असेच, त्याला सट्टांपिळ्ळै म्हणत. पिएत्रो देल्ला व्हाले या इटालियन प्रवाशाने तर १६२३ मध्येच कर्नाटकात चार मुले कोणा मास्तराविना, वाळूत आकडे काढत एकमेकांकडून शिकताना पाहिली होती. खुद्द कंपनीच्या संचालकांनी १८१४ च्या खलित्यात ही पद्धत हिंदुस्थानात फार जुनी असून तीच बेल यांनी इंग्लंडला नेली, असे नमूद केले आहे. पुढे मन्रो यांच्या हुकुमावरून मद्रास इलाख्यातील देशी शाळांची मोजदाद झाली, ती १८२६ मध्ये १२,४९८ भरली. म्हणजे ज्या मुलखातून धूळपाटी गेली तिथेही शाळा बारा हजारांवरच होत्या! पण त्यांच्यामागे कोणतीही सोसायटी नव्हती, आणि पुढे त्या एकामागून एक बंद पडत गेल्या. ज्यांच्या शाळेपाशी बेल यांचा घोडा थांबला, त्या शिक्षकाचे नावही कोणी लिहून ठेवले नाही.

पद्धतीत दोषही होते. शाळा फोफावल्या तशी ती यंत्रासारखी झाली. मुले अक्षरे जोडून वाचत, अर्थ मात्र डोक्यात शिरत नसे. १८४६ नंतर तिची जागा हळूहळू दुसऱ्या पद्धतीने घेतली. तरी सुरुवातीचा तो भाग मला अजून मोलाचा वाटतो. इथे वाढणारी आपली मुले इंग्रजी आणि तमिळ वाचतात, मराठी फक्त बोलतात. ताटात रवा पसरून आठवीतल्या ताईने पहिलीतल्या भावाला 'ग' काढायला शिकवायचे, याला ना क्लास लागतो ना फी. आमच्या क्वार्टर्समध्ये दोन घरांत हे चालू आहे, आणि ताईचे शुद्धलेखन भावापेक्षा जास्त सुधारले आहे.

बेल यांचे उत्तरायुष्य काही सुखाचे नव्हते. १८०० मध्ये केलेले लग्न मोडले, स्वभाव हेकट आणि चिक्कू होत गेला. २७ जानेवारी १८३२ रोजी चेल्टनहॅम येथे त्यांचे निधन झाले आणि वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले. आयुष्यभर पै पै करून साठवलेले सुमारे एक लाख वीस हजार पौंड त्यांनी शिक्षणासाठी ठेवले. त्यातून जन्मगावी १८३३ मध्ये शाळा उघडली. आपल्या शहराचे नाव १९९६ मध्ये चेन्नई झाले, पण सेंट अँड्र्यूजमधील त्या शाळेला आजही मद्रास कॉलेजच म्हणतात.