डिझेल हे एका माणसाचं नाव आहे! रुडॉल्फ डिझेलची गोष्ट आणि आपल्या गाडीचा फ्युएल फिल्टर



मागच्या वर्षी सुट्टीत घरी गेलो होतो. पप्पांच्या डिझेल गाडीचा फ्युएल फिल्टर बदलायचा होता. म्हटलं, इंजिनिअर आहोत, व्हिडिओ बघून करू. जुना काढला, नवा लावला, सेल्फ मारला. गाडी चालू होईना. परत मारला, परत मारला, शेवटी बॅटरीच बसली. पप्पांना बाजाराला जायचं होतं, ते एसटीने गेले. जाताना काही बोलले नाहीत, पण नजर पुरेशी होती.

चूक काय होती ते शेवटी सांगतो. पण ती शोधता शोधता मी ज्या माणसाच्या आयुष्यात शिरलो, त्याची गोष्ट आधी ऐका. आपण पंपावर रोज ज्याचं नाव घेतो, तो रुडॉल्फ डिझेल.

निर्वासित मुलगा ते टॉपर

रुडॉल्फचा जन्म 18 मार्च 1858 चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन, वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे. 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथून 12 वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला काका-काकूंकडे शिकायला पाठवलं.

पोरगा हुशार निघाला. म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक भेटले, म्हणजे आजच्या फ्रिजमागच्या तंत्राचे एक जनक. त्यांच्या वर्गात त्याला एक गोष्ट कळली: वाफेचं इंजिन कोळशातली बहुतेक उष्णता वाया घालवतं. कामाला येते ती फार तर दहाएक टक्के. हे त्याच्या डोक्यातून गेलंच नाही. टायफॉइडमुळे शेवटची परीक्षा लांबली, पण 1880 मध्ये तो उत्तम गुणांनी पास झाला आणि लिंडे यांच्याच बर्फाच्या कारखान्यांच्या कामाला लागला.

आयडिया काय होती?

सायकलला हवा भरताना पंपाला हात लावून बघा. गरम लागतो. हवा दाबली की तापते. डिझेलचं म्हणणं असं की हवा इतकी दाबायची, की तीच प्रचंड तापेल. मग त्यात नेमक्या वेळी इंधन सोडायचं. ते आपोआप पेटेल, स्पार्क प्लगची गरजच नाही. दाब जास्त, म्हणून उष्णतेचा उपयोगही जास्त.

त्याचं स्वप्न फक्त टक्केवारीचं नव्हतं. मोठ्या कारखान्यांकडे मोठी वाफेची इंजिनं होती, छोट्या कारागिराकडे काहीच नव्हतं. स्वस्तात चालणारं छोटं इंजिन मिळालं तर तोही टिकेल, असं त्याला वाटायचं.

1893 मध्ये त्याला पेटंट मिळालं. त्याच वर्षी ऑग्सबुर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. इंधन पेटलं, पण दाब मोजणारं यंत्र फुटून तुकडे उडाले. 1894 मध्ये इंजिन स्वतःच्या ताकदीवर चाललं, साधारण एक मिनिट. आपण म्हणालो असतो, बास, जमलं. पण तो आणखी तीन वर्षं लागून राहिला. फेब्रुवारी 1897 मध्ये प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी अधिकृत मोजमाप केलं: 26.2 टक्के कार्यक्षमता. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त!

डेमो पास, प्रॉडक्शन फेल

आता आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना ओळखीचा भाग येतो. डेमो झकास झाला, लायसन्स विकले गेले. अमेरिकेतले बिअर उद्योजक अडोल्फस बुश यांनी तिथले हक्क विकत घेतले. डिझेल श्रीमंत झाला, म्युनिकमध्ये आलिशान घर बांधलं. पण ग्राहकाकडे गेलेली सुरुवातीची इंजिनं बंद पडायला लागली. तक्रारी सुरू झाल्या, टीकाकार तुटून पडले. ताणाने त्याची तब्येत ढासळली.

मुख्य अडचण कुठे होती? सिलिंडरमध्ये आधीच प्रचंड दाब असतो. त्याच्या विरुद्ध इंधन आत घुसवायचं, तेही बारीक फवारा करून. डिझेलने त्यासाठी जास्त दाबाची हवा वापरली. म्हणजे इंजिनाला वेगळा कॉम्प्रेसर आला. वजन वाढलं, आकार वाढला. त्याचं 1897 चं एक सिलिंडरचं इंजिन तीन मीटर उंच होतं. कारागिराच्या खोलीत ते मावणार कसं? शेवटी इंजिन गेलं वीजकेंद्रांत, जहाजांत आणि पाणबुड्यांत. ज्याच्यासाठी बनवलं, तो छोटा माणूस बाजूलाच राहिला.

शेवटचा प्रवास

पैशाचे व्यवहारही चुकत गेले आणि कर्ज वाढलं. 29 सप्टेंबर 1913 च्या संध्याकाळी तो बेल्जियममधल्या अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. रात्री जेवला, सकाळी उठवायला सांगून केबिनमध्ये गेला. सकाळी केबिन रिकामी, बिछाना तसाच. टोपी आणि ओव्हरकोट डेकवर सापडले. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह मिळाला. त्याच्या खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. वय 55. आत्महत्या, अपघात की घातपात, यावर आजही वाद आहे. कर्ज आणि खालावलेली तब्येत बघता बहुतेक अभ्यासक आत्महत्येकडे झुकतात.

फिल्टर इथे येतो

अडलेलं काम पुढे रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने सोडवलं. 1927 मध्ये त्यांनी डिझेलचा इंजेक्शन पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. कॉम्प्रेसर गेला, इंजिन छोटं झालं, ट्रकमध्ये आणि 1930 च्या दशकात कारमध्ये बसलं. विहिरीवरचं डिझेल इंजिनही त्याच वाटेने आलं. म्हणजे छोट्या माणसापर्यंत ते पोचलं, फक्त बघायला डिझेल नव्हता.

पण या पंपात दांडा आणि नळी यांच्यात फट असते दोन-चार मायक्रॉनची. केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. धुळीचा कण किंवा पाण्याचा थेंब आत गेला की पंप आणि इंजेक्टर खराब, आणि खर्च हजारोंत. म्हणून फिल्टर.

घरी बदलताना

- इंजिन थंड हवं, जागा मोकळी हवी, जवळपास आग नको. गाडी चालू असताना इंधनाची नळी कधीच सोडू नका, नव्या गाड्यांत दाब 1500 बारच्या वर असतो.
- आधी फिल्टरच्या आजूबाजूची धूळ पुसा. खाली पाणी काढायचा स्क्रू असेल तर पाणी भांड्यात काढा.
- नळ्या कोणत्या बाजूला होत्या त्याचा मोबाईलवर फोटो काढा.
- नवी ओ-रिंग लावा, तिला थोडं डिझेल चोळा.
- आता माझी चूक: हवा काढा! हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी दोन-तीन वेळा ऑन-ऑफ करा, मग सेल्फ मारा. हवा दाबली जाते, डिझेल जवळपास दाबलं जात नाही. नळीत हवा राहिली की पंप तीच दाबत बसतो आणि इंधन पुढे जात नाही.
- चालू झाल्यावर गळती बघा. जुनं डिझेल गटारात ओतू नका, गॅरेजला द्या.

गाडीचं मॅन्युअल आधी वाचा, कारण प्रत्येक मॉडेलची पद्धत थोडी वेगळी असते.

मीही दुसऱ्या दिवशी मॅन्युअल वाचलं, बॅटरी चार्ज केली, हातपंप दाबला, आणि पहिल्या सेल्फला गाडी चालू. दाबाच्या विरुद्ध इंधन पोचवायचं, याच प्रश्नाशी तो माणूस आयुष्यभर झगडला. मला तो एका हातपंपात सुटलेला मिळाला.