रुग्णाच्या वाटेवर धावलेला शल्यविशारद

रुग्णालयाच्या दारात एकाच वेळी दहा जखमी आले, तर आधी कोणाला हात लावायचा? आपत्कालीन वैद्यकशास्त्राकडे वळणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा प्रश्न पहिल्याच रात्रपाळीत भेटतो. भारतात या शाखेला स्वतंत्र विशेष विषय म्हणून २००९ मध्ये मान्यता मिळाली. मात्र तिच्या मुळाशी असलेले दोन विचार, म्हणजे रुग्णापर्यंत वेळेत पोहोचणे आणि जखमेच्या गांभीर्यानुसार उपचारांचा क्रम लावणे, दोनशे वर्षांपूर्वी युरोपच्या रणांगणांवर आकाराला आले. त्यांचे श्रेय प्रामुख्याने जाते ते नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद डॉमिनिक-जाँ लारे यांच्याकडे.

लारे यांचा जन्म ८ जुलै १७६६ रोजी फ्रान्समधील पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या बोदेआँ या खेड्यात झाला. बालपणीच पोरके झालेल्या लारेंना तुलूज येथे शल्यविशारद असलेल्या काकांनी आधार दिला. त्यांच्याच हाताखाली शल्यशास्त्राचे धडे गिरवून ते पुढील शिक्षणासाठी पॅरिसला गेले. मधल्या काळात नौदलाच्या जहाजावरून त्यांनी न्यूफाउंडलंडची सफरही केली. १७८९ मध्ये राज्यक्रांतीचा भडका उडाला आणि तीन वर्षांनी ते ऱ्हाईन नदीकाठच्या फौजेत दाखल झाले.

तेथे त्यांनी जे पाहिले, त्याने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. त्या काळच्या नियमानुसार फिरती रुग्णालये रणांगणापासून सुमारे एक कोस मागे ठेवली जात. जखमींना उचलायचे ते लढाई संपल्यावरच. परिणामी सैनिक तासन् तास, कधी कधी दिवसभराहूनही अधिक काळ तसेच पडून राहत. अनेकांचा बळी शत्रूच्या गोळीपेक्षा ही प्रतीक्षाच घेत असे. घोड्यांनी ओढलेल्या हलक्या तोफा क्षणार्धात जागा बदलतात, हे लारे पाहत होते. तोफ इतक्या वेगाने जाऊ शकते, तर वैद्य का नाही, या विचारातून त्यांची 'उडती रुग्णवाहिका' जन्माला आली.

१७९७ मध्ये इटलीच्या मोहिमेत या योजनेला पूर्ण रूप मिळाले. सपाट प्रदेशासाठी दोन चाकांच्या, तर डोंगराळ भागासाठी चार चाकांच्या गाड्या होत्या. आत गादी होती आणि धक्के कमी बसावेत म्हणून कमानीही होत्या. परंतु खरी नवलाई गाडीत नव्हती, ती गाडीसोबतच्या पथकात होती. शल्यविशारद, मदतनीस, मलमपट्टीचे सामान आणि गाडीवान अशा प्रत्येकाचे काम आधीच ठरलेले असे. इजिप्तच्या मोहिमेत चाके वाळूत निरुपयोगी ठरली, तेव्हा लारेंनी उंटांच्या दोन्ही बाजूंना पेट्या बांधून जखमी वाहून नेले.

उपचारांच्या क्रमाबाबत तर ते ठाम होते. सर्वांत गंभीर जखमी आधी, मग त्याच्या गणवेशावर पट्टे असोत वा नसोत. किरकोळ जखमींनी थांबावे. अधिकाऱ्यांनी तर विशेषच, कारण मागच्या रुग्णालयापर्यंत जायला त्यांच्याकडे घोडे असतात, असे त्यांचे सरळ गणित होते. शत्रूच्या सैनिकालाही हाच नियम लागू होता. आज ज्या पद्धतीला 'ट्रायाज' म्हणतात, तिचा हा पाया. हुद्द्याला सर्वाधिक मान असलेल्या सैन्यात हा नियम पाळणे सोपे नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

वेळेचे मोल त्यांनी शस्त्रक्रियेतही ओळखले. चिरडलेला अवयव काढणे अटळ असेल, तर ते पहिल्या चोवीस तासांतच करावे, असा त्यांचा आग्रह होता. भूल देण्याचे तंत्र अद्याप यायचे होते. १८१२ मध्ये रशियातील बोरोदिनोच्या लढाईत त्यांनी एका अहोरात्रीत सुमारे दोनशे अवयवच्छेदन शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. त्याच मोहिमेतून माघार घेताना बेरेझिना नदीच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. त्या वेळी सैनिकांनी लारेंना ओळखले आणि हातोहात उचलून पलीकडे पोहोचवले.

त्यांची खरी कसोटी मात्र १८१३ मध्ये लागली. जर्मनीतील लढायांनंतर हातांना व बोटांना इजा झालेले दोन हजारांहून अधिक तरुण सैनिक आढळले. युद्ध टाळण्यासाठी त्यांनी स्वतःलाच जखमा करून घेतल्याचा संशय होता आणि त्यासाठी मृत्युदंडाची टांगती तलवार होती. सम्राटाचा कल उघड असतानाही लारेंनी जखमींची बारकाईने तपासणी केली आणि आरोपाला पुरावा नसल्याचा निर्वाळा दिला. नवख्या सैनिकांच्या मागच्या रांगेतून झालेल्या गोळीबाराने पुढच्यांचे हात जखमी होत होते. नेपोलियनने हा निष्कर्ष मान्य केला, एवढेच नव्हे तर लारेंचा गौरवही केला.

१८१५ मध्ये वॉटर्लूच्या पराभवानंतर ते प्रशियन सैन्याच्या हाती सापडले. त्यांना ठार करण्याची तयारीही झाली होती. पण त्यांची व्याख्याने ऐकलेल्या एका शल्यविशारदाने त्यांना ओळखले आणि त्यांचे प्राण वाचले. १८२१ मध्ये निधन पावलेल्या नेपोलियनने मृत्युपत्रात लारेंच्या सद्गुणांची मुक्त प्रशंसा करून त्यांच्यासाठी एक लाख फ्रँक ठेवले होते. अल्जीरियातील रुग्णालयांची पाहणी करून परतत असताना २५ जुलै १८४२ रोजी लिऑन येथे लारेंचे निधन झाले. १९९२ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या 'अँव्हालीद' येथे हलवण्यात आले.

या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याकडे आज हृदयाचा आलेख, श्वसनयंत्र आणि रक्तपेढी आहे. लारेंकडे यातले काहीच नव्हते. तरीही त्यांच्या कामातील तीन गोष्टी अजून जुन्या झालेल्या नाहीत: संकट येण्यापूर्वीच पथकाची घडी बसवणे, घड्याळाकडे लक्ष ठेवणे आणि समोरच्याचा हुद्दा न पाहता केवळ जखम पाहणे. पहिल्या दोन सरावाने येतात. तिसरीसाठी धैर्य लागते. ओळखीचा फोन आला असतानाही कोपऱ्यातल्या बेवारस रुग्णाकडे आधी वळण्याचे ते धैर्य कोणत्याही परीक्षेत तपासले जात नाही.